दोन बोटांची जागा

माझ्या सहीने माझ्या वडिलांचे हात बांधले गेले. हे वाक्य मी असेच लिहिले आहे आणि त्यातली लबाडीही मला कळते. तीस वर्षे महाविद्यालयात मराठी व्याकरण शिकवल्यावर 'बांधले गेले' यातली सोय ओळखता येते. नवीन कर्मणी प्रयोग, काही व्याकरणकार ज्याला कर्मकर्तरी म्हणतात, तो वापरला की बांधणारा वाक्याबाहेर निघून जातो. उरतात ते हात आणि बांधले जाणे. मध्ये कोणी माणूस नाही.

अण्णा तेव्हा त्र्याऐंशीचे होते. न्हाणीघरात पडले, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी श्वासाचा त्रास सुरू झाला म्हणून त्यांना अतिदक्षता विभागात हलवले. तिसऱ्या रात्री त्यांना भ्रम झाला. जुन्या लोकांच्या भाषेत वात, डॉक्टरांच्या भाषेत डेलिरियम. ते सलाइनची सुई ओढू लागले, तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढू लागले आणि "गोठ्याचं दार उघडंय" असे ओरडू लागले. दाखल करताना मी ज्या कागदांवर सह्या केल्या होत्या त्यांत एक छापील वाक्य होते: 'रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यकता भासल्यास हात वा पाय बांधण्यात येतील, याची आम्हांस कल्पना देण्यात आली आहे.' आवश्यकता भासल्यास. ती कोणाला भासेल? बांधण्यात येतील. कोण बांधील? कल्पना देण्यात आली. ती कोणी दिली? मला तर कोणीच काही सांगितले नव्हते. तीन क्रियापदे, आणि एकालाही कर्ता नाही. असे वाक्य विद्यार्थ्याने लिहिले असते तर मी लाल शाईने खूण केली असती. त्या दिवशी मी खाली सही केली.

हा लेख त्या वाक्याचा पाठपुरावा आहे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण रुग्णाला बांधणे ही जशी एक कृती आहे तशी ती भाषाही आहे. ती कायद्यात आहे, चित्रांत आहे, पुराणात आहे. ती वाचणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून त्या मर्यादेत बोलतो.

आधी बांधतात कसे ते सांगायला हवे, कारण यावर लिहिणारे बहुतेक लोक या पायरीवरून उडी मारून थेट मानवी हक्कांवर जातात. आपल्याकडे यासाठी पट्टे वगैरे फारसे नसतात. गॉजची पट्टी असते. मनगटाला आधी कापसाची जाड गादी गुंडाळतात, त्यावर पट्टीचा असा फास टाकतात जो ओढला तरी आवळत नाही, आणि टोके खाटेच्या चौकटीला बांधतात. वरखाली होणाऱ्या कठड्याला बांधायची नसतात, कारण कठडा खाली केला की हात खेचला जातो. गाठ अशी हवी की एका ओढीत सुटेल, आणि ती रुग्णाच्या हाताला लागता कामा नये. बोटे निळी पडत नाहीत ना, गार लागत नाहीत ना, हे पाहत राहायचे. दर दोन तासांनी एकेक हात सोडून हलवायचा. आणि पट्टी व मनगट यांच्यामध्ये दोन बोटे सहज शिरतील एवढी जागा ठेवायची. परिचर्येचा हा पाठ जगभर जवळजवळ सारखाच शिकवला जातो. त्या रात्री सिस्टरने बांधून झाल्यावर आपली दोन बोटे अण्णांच्या मनगटाखाली घालून पाहिली. ती कृती इतक्या सवयीची आणि इतकी हळुवार होती की मला क्षणभर बरे वाटले. या बऱ्या वाटण्याकडे मी पुढे परत येणार आहे.

आता कायदा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून देशात लागू आहे. त्याच्या मागे १९८७चा कायदा, त्याच्या मागे १९१२चा इंडियन ल्यूनसी अ‍ॅक्ट, आणि त्याच्याही मागे १८५८चे वेड्यांच्या आश्रयस्थानांविषयीचे कायदे. भाषेच्या अंगाने हा प्रवास वाचण्यासारखा आहे: 'ल्यूनॅटिक'पासून 'मानसिक रुग्ण' आणि तिथून 'मानसिक आजार असलेली व्यक्ती'पर्यंत. व्यक्ती आधी, आजार नंतर. नव्या कायद्याचे ९५वे कलम काही उपचारांना सरसकट बंदी घालते आणि त्यांत साखळी आहे: कोणत्याही रीतीने, कोणत्याही स्वरूपात साखळदंडाने बांधता येणार नाही. इतके निःसंदिग्ध वाक्य भारतीय कायद्यात क्वचित सापडते. त्यात 'शक्यतो' नाही, 'वाजवी कारणाशिवाय' नाही.

दोनच कलमे पुढे, ९७व्यात, सूर बदलतो. तिथे 'शारीरिक बंधन' येते आणि ते सशर्त मान्य होते. त्या व्यक्तीला किंवा इतरांना होऊ घातलेली तात्काळ इजा टाळण्याचा तो एकमेव मार्ग असेल तरच, आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने अधिकृत केले असेल तरच. अत्यंत आवश्यक काळापेक्षा जास्त नाही. पद्धत, स्वरूप, कारण आणि कालावधी यांची नोंद तात्काळ रुग्णाच्या कागदांवर व्हायला हवी. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाने नेमलेल्या आपल्या माणसाला, चोवीस तासांच्या आत कळवायला हवे. बांधलेल्या व्यक्तीवर सतत देखरेख हवी. दर महिन्याला सर्व घटनांचा अहवाल मंडळाकडे जायला हवा, आणि संस्था जाणूनबुजून, वारंवार हे डावलत असेल तर बंधन वापरणे थांबवा असा आदेश मंडळ देऊ शकते.

वाचताना दोन ठिकाणी मी अडखळलो. पहिले म्हणजे पहिल्या उपकलमात एकांत कोंडणीला साफ मनाई आहे. पाचव्या उपकलमात मात्र म्हटले आहे की एकांत कोंडणीची किंवा बंधनाची प्रत्येक घटना प्रतिनिधीला कळवावी. जे करायचेच नाही त्याची खबर कशी द्यायची? मसुदा करताना जुना शब्द राहून गेला असेल, असे म्हणून हे सोडून देता येईल. पण संहितेचा वाचक म्हणून मला ही चूक बोलकी वाटते. वरच्या ओळीत कायदा आपल्याला कसे असायला आवडेल ते सांगतो, खालच्या ओळीत त्याला आपण कसे आहोत याची आठवण होते.

दुसरे ठिकाण चौथे उपकलम. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून बांधायचे नाही, हे तिथे अपेक्षितच आहे. पण पुढे अशा अर्थाचे वाक्य येते की केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणासाठी संस्थेने बंधन वापरू नये. संपूर्ण कलमात हे एकच वाक्य असे आहे की जे लिहिणाऱ्याने कधीतरी रात्री दोन वाजता वॉर्डात उभे राहून पाहिले असावे. बाकीची वाक्ये रुग्णाकडे पाहतात: तो हिंसक आहे का, त्याच्यापासून धोका आहे का. हे वाक्य खाटेच्या दुसऱ्या बाजूला कोण उभे आहे, किती जण आहेत, हे विचारते. बंधनाचे कारण कदाचित बांधलेल्या माणसात नसेलच, ही कबुली त्यात आहे. आणि नेमके हेच वाक्य सिद्ध करायला सर्वांत अवघड. कारणाच्या रकान्यात 'माणसे नव्हती' असे कोण लिहील? 'रुग्ण अस्वस्थ' हे दोन शब्द तयार असतात आणि ते खोटेही नसतात.

या कलमात घड्याळ नाही, ही माझी मोठी तक्रार. 'अत्यंत आवश्यक' म्हणजे किती? अमेरिकेत हा प्रश्न रक्त सांडल्यावर सुटला. १९९८ मध्ये 'हार्टफर्ड कूरंट' या वृत्तपत्राने लेखमाला छापून दहा वर्षांतले १४२ मृत्यू शोधून काढले. बांधलेल्या, दाबून धरलेल्या किंवा कोंडलेल्या रुग्णांचे ते मृत्यू होते. त्यानंतर तिथल्या केंद्रीय नियमांत तास आले. हिंसक वर्तनासाठी बांधायचे तर एका आदेशाची मुदत प्रौढाला चार तास, नऊ ते सतरा वर्षांच्या मुलाला दोन तास, नऊच्या आतल्याला एक तास. आणि बांधल्यापासून तासाभरात पात्र व्यक्तीने रुग्णाला समक्ष तपासायचे. हे नियम तिथे केवळ मनोरुग्णालयांना नाहीत. सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला आहेत. आपल्या कलमाची दुसरी उणीव इथेच दिसते. ते मानसिक आरोग्य आस्थापनेतल्या, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीसाठी आहे. सर्वसाधारण रुग्णालयाचा मनोविकार विभाग त्याच्या कक्षेत येतो. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालये येतात. पण खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वात झालेला, सुई उपटू नये म्हणून बांधलेला म्हातारा या कलमाच्या रचनेत कुठेच बसत नाही. त्याच्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधी नाही, मासिक अहवाल नाही, मंडळ नाही. त्याच्यासाठी आहे ते दाखल करतानाचे छापील वाक्य.

साखळीला पूर्ण बंदी आणि पट्टीला सशर्त परवानगी, हा फरक कुठून आला याचा शोध घेताना मी एका चित्रापाशी पोचलो. तोनी रोबेर-फ्लरी या फ्रेंच चित्रकाराने १८७६ मध्ये काढलेले हे मोठे तैलचित्र पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयाचे आहे. डॉक्टर फिलिप पिनेल वेड्या स्त्रियांना मुक्त करत आहे, असा विषय. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून ते इतके छापले गेले आहे की आपण ते पाहिले आहे हेही आपण विसरतो. मध्यभागी एक तरुण स्त्री उभी आहे, विस्कटलेली, नजर कुठेच नसलेली. एक माणूस तिच्या कमरेचे लोखंड सोडवतो आहे. बाजूला काळ्या पोशाखात पिनेल ताठ उभा, एक स्त्री वाकून त्याच्या हाताचे चुंबन घेते आहे. उजवीकडे अजून न सुटलेल्या. एक जमिनीवर झटक्यात आपले कपडे फाडते आहे.

चित्राचे व्याकरण माझ्या संमतीपत्राच्या बरोबर उलटे आहे. इथे कर्ता आहे आणि तो एकटाच कर्ता आहे. पिनेल सोडतो. तो काहीच करत नसला, नुसता उभा असला, तरी सोडतो तोच. प्रत्यक्ष लोखंडाला हात लावणारा माणूस आपल्या लक्षात राहत नाही.

इतिहास तपासला तर त्या दुसऱ्या माणसाकडेच जावे लागते. पिनेल १७९३ मध्ये बिसेत्र या पुरुषांच्या रुग्णालयात आला तेव्हा तिथल्या वेड्यांच्या विभागाचा कारभार जाँ-बाप्तिस्त पुसँ पाहत होता. पुसँ डॉक्टर नव्हता. चामडे कमावणे हा त्याचा धंदा. गंडमाळेचा रुग्ण म्हणून तो बिसेत्रला आला, बरा झाला, आणि तिथेच नोकरीला राहिला. त्याची बायको मार्गरित त्याच्याबरोबर काम करी. १७९५ मध्ये पिनेल साल्पेत्रिएरला गेला. बिसेत्रमधल्या साखळ्या निघाल्या त्या १७९७ मध्ये, पिनेल तिथे नसताना, पुसँच्या हातून. पिनेलने स्वतः हे श्रेय पुसँला दिले होते. दंतकथा रचली ती नंतर, त्याच्या मुलाने आणि शिष्यांनी. साध्या कर्मचाऱ्याने, त्यातही एकेकाळच्या रुग्णाने केलेले काम, डॉक्टरांच्या नावावर चढले.

पण चित्रात नसलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. साखळ्या काढल्यावर पुसँने तिथे जाड कापडाचे, मागे बांधायच्या लांब बाह्यांचे जाकीट वापरले. पिनेललाही त्यात काही गैर वाटत नव्हते. लोखंड गेले, कापड आले. मुक्तीच्या त्या चित्रात कापडाचे जाकीट कुठेही नाही. कसे असेल? लोखंड जखम करते, आवाज करते, तुरुंगाची आठवण देते, म्हणून ते चित्रात शोभते. कापड शुश्रूषेच्या बाजूचे असते. मलमपट्टीही कापडाची, चादरही कापडाची. आपल्या कायद्याच्या ९५व्या आणि ९७व्या कलमांमधला सूरबदल मला त्या कॅनव्हासवर आधीच झालेला दिसतो.

इंग्लंडमध्ये चित्राने उलटे काम केले. लंडनच्या बेथलेम रुग्णालयात १८१४ मध्ये काही सुधारकांना एक माणूस सापडला. गळ्यात लोखंडी कडे, ते कडे उभ्या खांबाला साखळीने जोडलेले, आणि असा तो दहा वर्षांहून अधिक काळ. त्याचे चित्र कोरून घेऊन प्रसिद्ध केले गेले आणि १८१५ मध्ये संसदेची चौकशी समिती बसली. त्याचे नाव जेम्स नॉरिस. छापील चित्रावर ते विल्यम असे पडले आणि बरीच पुस्तके अजून तेच छापतात. ज्याच्या छळामुळे सुधारणा झाली त्याचे नावही नीट लिहून घेतले गेले नाही, हे एका मराठी मास्तराला टोचते. पुढे १८३८च्या सुमारास लिंकनच्या रुग्णालयात रॉबर्ट गार्डिनर हिल याने सगळी यांत्रिक बंधने बंद केली. १८३९ मध्ये जॉन कॉनली याने हॅनवेलच्या कितीतरी मोठ्या रुग्णालयात तेच केले आणि नाव त्याचे झाले. हिलला ते लागले, त्याने पुस्तक लिहून भांडण मांडले. पुसँ निदान भांडला नाही.

कॉनलीची एक गोष्ट मात्र त्याच्याच नावावर राहायला हवी. बंधन आणि हेळसांड या त्याच्या मते एकाच गोष्टीची दोन नावे होती. त्रासदायक रुग्णाला दिवसभर जे शंभर वेळा पाहावे लागते, त्या पाहण्याऐवजी बांधणे येते. १८५६ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. आपल्या कायद्याचे चौथे उपकलम आले २०१७ मध्ये. कॉनलीच्या पद्धतीचे गोडवे गाताना एवढेही सांगायला हवे की त्याच्या काळी बंधन गेले तसे गादी लावलेल्या भिंतींच्या खोल्या आल्या, आणि नंतरच्या शतकात गुंगीची औषधे आली. ९७वे कलम शारीरिक बंधनाविषयी बोलते. औषधाने केलेल्या बंधनाचे नाव त्यात नाही.

आपल्याकडचे लोखंड आपल्याला आठवत असेल. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे तामिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी गावी दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासात आग लागली. झावळ्यांच्या छपराखाली मानसिक रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण गेले. ते पळू शकले नाहीत इतके सांगून बातम्या थांबल्या. माझ्या मनात अडकून राहिले ते वेगळेच. त्यांना तिथे आणून सोडणारे आईबाप, भाऊ, नवरे होते. साखळी छळासाठी नव्हती. हरवू नये, विहिरीत पडू नये, रस्त्यावर गाडीखाली येऊ नये म्हणून होती. संरक्षणासाठी. जाळण्यासाठी कोणीच बांधले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली, आणि तरी २०१९च्या जानेवारीत त्याच न्यायालयाला उत्तर प्रदेशातल्या बदायूँ जिल्ह्यातल्या साखळ्यांबद्दल पुन्हा बोलावे लागले.

'संरक्षणासाठी' हा शब्द उलगडायला मला परदेशी चित्रांपेक्षा घरची गोष्ट जास्त उपयोगी पडली. हा कार्तिक. कार्तिकाची देवता दामोदर. दाम म्हणजे दावे, उदर म्हणजे पोट: ज्याच्या पोटाला दावे बांधले तो. हे नाव आपण मुलांना हौसेने ठेवतो, आणि आईने मुलाला बांधल्याचे ते नाव आहे हे विसरतो. भागवताच्या दशम स्कंधातल्या नवव्या अध्यायात ही कथा आहे. कृष्णाने दह्याचे भांडे फोडले, लोणी माकडांना वाटले. यशोदा चिडली, काठी घेऊन धावली, मूल घाबरले, तिने काठी टाकली आणि त्याला उखळीला बांधायचे ठरवले. दावे पुरेना. आणखी जोडले, पुरेना. दर वेळी दोन बोटे कमी. भक्तीच्या परंपरेत या दोन बोटांवर पुष्कळ लिहिले गेले आहे: एक बोट भक्ताच्या श्रमाचे, एक देवाच्या कृपेचे, अशा अर्थाचे. तो अर्थ मला नाकारायचा नाही. पण सिस्टरची दोन बोटे पाहिल्यावर मी तो अध्याय पुन्हा उघडला आणि कथेची चौकट पहिल्यांदा दिसली.

अध्याय सुरू होतो तोच असा की घरातल्या दासी दुसऱ्या कामांना लावलेल्या आहेत आणि यशोदा स्वतः दही घुसळायला बसली आहे. मूल दूध मागत येते. ती त्याला पाजायला घेते, तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते, आणि त्याला तसेच अर्धपोटी ठेवून ती धावते. म्हणून त्याने भांडे फोडले. आणि बांधून झाल्यावर? ती पुन्हा घरकामात गढून जाते. मूल उखळ ओढत अंगणात जाते आणि अर्जुनाची दोन झाडे उन्मळून पाडते. भागवतकाराने कामाला माणसे कमी असण्याची गोष्ट पहिल्या ओळीत घातली आहे, देखरेख नसण्याची शेवटी, आणि मधल्या बांधण्यावर आपण इतकी शतके डोळे पुसत आलो आहोत. ममतेने बांधणे आणि हात रिकामे नसल्यामुळे बांधणे या दोन गोष्टी यशोदेच्या अंगणात वेगळ्या नाहीत. एवढे वाचल्यावर कोणी यशोदेला दोषी ठरवील का? मी तर नाही. पण त्या रात्री सिस्टरच्या हळुवार बोटांनी मला जे बरे वाटले, ते कशावर उभे होते हे कळले. ती माया खरी होती. तिने मूळ प्रश्नाला हात लावला नव्हता.

याची दुसरी बाजू आहे आणि ती टाळून हा लेख लिहिणे अप्रामाणिक होईल. त्या रात्री त्या विभागात सहा खाटांना दोन सिस्टर होत्या. त्यांतली एक बराच वेळ चार नंबरच्या खाटेशी अडकली होती. मी विचारले, "सोडता येणार नाहीत का हात?" ती म्हणाली, "तुम्ही शेजारी बसणार असाल तर एक सोडते, काका. पण झोपायचं नाही हं." एवढे साधे उत्तर. नियमाबाहेर जाऊन तिने मला आत बसू दिले. ब्रिटनच्या अतिदक्षता विभागांत हात बांधण्याची पद्धत जवळजवळ नाही असे वाचले की आपण त्यांच्या संस्कृतीचे कौतुक करतो. तिथे व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असते, हे वाचायला विसरतो. आणि बांधले म्हणजे नळी सुरक्षित राहते असेही नाही. बांधलेल्या रुग्णांनी नळ्या उपटल्याचे संशोधकांना वारंवार आढळले आहे, आणि बंधनाने भ्रमातल्या माणसाची तळमळ वाढू शकते.

मी बसलो. अण्णांचा उजवा हात माझ्या हातात होता. ते मला ओळखत नव्हते, पण तासाभराने थोडे शांत झाले. "गाय सोडली का रे?" एवढेच मधून मधून विचारत होते. मी "सोडली" म्हणत होतो. 'अस्तु' या चित्रपटातले स्मृती हरपलेले शास्त्रीबुवा हत्तीमागे चालू लागतात तो प्रसंग मला फार आवडायचा. त्या रात्रीपासून तो पाहताना मला घरच्यांची भीतीच आधी दिसते. साडेतीनच्या पुढे केव्हातरी माझा डोळा लागला. जाग आली ती त्यांच्या खोकल्याने. नाकातून घातलेली अन्नाची नळी त्यांच्या मुठीत होती आणि ओठावर रक्त होते. सिस्टर धावत आली. ती मला एक शब्दही बोलली नाही. नळी पुन्हा घालायला वीस मिनिटे लागली, अण्णांनी त्या वीस मिनिटांत जे आवाज काढले ते मी इथे लिहिणार नाही. नंतर मीच तिला म्हणालो, "बांधा."

हे कर्तरी वाक्य. आज्ञार्थ. छापील कागदावर मी सही केली तेव्हा मला आपण काही केले असे वाटले नव्हते. यावेळी वाटले. आणि त्याच वेळी मला हेही कळत होते की या एका शब्दात रुग्णालय, त्याची वेतनपत्रके, सहा खाटांना दोन माणसे ठेवण्याचा कोणाचा तरी हिशेब, हे सगळे सुखरूप बाहेर पडले होते. कर्ता सापडला, तो मी. संमतीपत्रात माझी सही घेऊन ठेवण्यामागचे प्रयोजनही हेच असावे. कर्ता नसलेल्या वाक्याखाली एका माणसाचे नाव लागते, पण ते नातेवाइकाचे.

९७व्या कलमाचा विस्तार अतिदक्षता विभागांपर्यंत आणि वृद्धाश्रमांपर्यंत व्हावा, त्यात तास यावेत, आणि कारणाच्या रकान्याशेजारी त्या पाळीत किती परिचारिका हजर होत्या याचा एक रकाना असावा, असे मला वाटते. शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे आणि तीच स्वीकारली जाण्याची शक्यता सर्वांत कमी आहे. आकडा लिहिला की वाक्याला कर्ता मिळतो.

अण्णा त्यातून उठले. घरी आले, त्यानंतर अकरा महिने होते. त्या रात्रीबद्दल ते कधी बोलले नाहीत. मात्र मनगटावर घड्याळ बांधायचे त्यांनी सोडून दिले, उशाशी ठेवायचे. ते गेल्यावर विम्याच्या कामासाठी मी रुग्णालयातून त्यांच्या केसपेपरांच्या प्रती मागवल्या. त्या रात्रीची नोंद शोधून काढली. कायद्याला हव्या असलेल्या चार गोष्टींपैकी, पद्धत, स्वरूप, कारण, कालावधी, यांपैकी तिथे एकच होती. 'रुग्ण अस्वस्थ. दोन्ही हात रिस्ट्रेन केले. नातेवाईक अवगत.' शेजारी वेळ, चार वाजून दहा मिनिटे. हात सोडल्याची वेळ कुठेच नव्हती. ती मला माहीत आहे. सकाळी सातला पाळी बदलली, नव्या सिस्टर कागद समजून घेत होत्या, आणि चादर बदलायला आलेल्या मावशींनी, कोणाला न विचारता, आधी डावी आणि मग उजवी गाठ सोडली. पट्ट्या घडी करून त्यांनी खिशात टाकल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "बाबा, कूस बदला आता."